लोक काय म्हणतील, हे मी लोकांना विचारलंच नव्हतं

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझी ओळख करून देताना ‘धाडसी’, ‘रणरागिणी’ असे बरेच शब्द वापरले गेले. ऐकताना मला जरा संकोच वाटला. मी एक निवृत्त नर्सबाई आहे. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी मिरजेहून तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईपर्यंत एकटी सायकलने गेले. अंतर साधारण हजार किलोमीटर, दिवस एकवीस. त्यातले तीन दिवस मुक्कामाचे. एवढंच. पंचविशीतली मुलं हे अंतर आठवड्यात कापतात.

मग सांगण्यासारखं काय आहे? आहे ते अंतराबद्दल नाही. मी पुदुक्कोट्टईलाच का गेले, हे सांगायचं आहे. त्यासाठी मला माझी एक चूक तुमच्यासमोर ठेवावी लागेल.

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. माझे दोघे भाऊ तासाच्या बोलीवर सायकल घेऊन नळीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले. मी मागे धावायचे, सीट धरायला. एकदा मी सायकल हातात घेतली, तर अब्बा ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, “बेटी, लोक काय म्हणतील?” विषय संपला. नोकरी लागल्यावर माझ्याकडे पाच गावं होती. लसीची पेटी खांद्याला अडकवून मी बांधावरून चालत जायची. एसटी दिवसातून दोनदा. रात्री बाळंतपणाचा निरोप आला की कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघायची. सायकल येत असती तर किती ठिकाणी लवकर पोचले असते, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. आता करते.

नव्वदच्या दशकात साक्षरतेची मोहीम जोरात होती. आमच्या एका प्रशिक्षणात साहेबांनी पुदुक्कोट्टईची गोष्ट सांगितली. तमिळनाडूतला हा एक मागास, कोरडवाहू जिल्हा. तिथे १९९१ साली ‘अरिवोळी इयक्कम’ नावाची साक्षरता चळवळ सुरू झाली. अरिवोळी म्हणजे ज्ञानाचा प्रकाश. तिथल्या कलेक्टर शीलाराणी चुंकत यांनी ठरवलं की बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. कारण सरळ होतं. शिकवणाऱ्या बाईला एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाता आलं नाही, तर साक्षरता पोचणार कशी? बँकांना बायकांना सायकलसाठी कर्ज द्यायला लावलं. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बायका, नर्स, शिक्षिका, सगळ्या शिकल्या. १९९२ साली जाहीर सायकल-स्पर्धांत ७०,००० हून जास्त बायका उतरल्या. पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं, म्हणून बाहेरच्या जगाला कळलं. आणि साहेबांनी मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं, “त्यात खेड्यातल्या मुसलमान बायकाही होत्या बरं का.”

आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले असेन.

त्यानंतरची गोष्ट १९९६ ची. माझी मुलगी सातवी पास झाली. पहिल्या तिनात नंबर. आम्ही तेव्हा उपकेंद्राच्या गावी राहायचो. हायस्कूल चार किलोमीटरवर. वर्गातल्या तीन मुली सायकलने जाणार होत्या. ही म्हणाली, “अम्मी, मलापण जुनी बघून दे ना.” पैसे होते. त्या मुलींची सोबत होती. तिच्या अब्बांनीही नाही म्हटलं नव्हतं, “तू बघ,” एवढंच म्हणाले होते. मी नाही म्हटलं. कारण काय दिलं? तेच. लोक काय म्हणतील. एक वर्ष ती एसटीच्या मागे धावत कशीबशी गेली, आठवीनंतर घरी बसली. शिवण शिकली. अठरा पूर्ण झाल्यावर लग्न झालं. आज ती चाळिशीची आहे. ब्लाऊज, ड्रेस शिवून तिने घर उभं केलंय. ती दुःखी आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्या तिनातली मुलगी होती ती.

मी रोज दुसऱ्यांच्या दारात जाऊन सांगायची, मुलीला शिकवा, लवकर लग्न करू नका. आणि घरात हे.

२०२० ला मी निवृत्त झाले. मालक आधीच्याच वर्षी गेले होते. पुढच्या वर्षी माझ्या मुलीने तिच्या बारा वर्षांच्या मुलीला शिलाईच्या पैशातून सायकल घेतली. मला न विचारता. ती नात सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “नानी, बस.” पहाटे शाळेच्या मैदानावर तिने मागून सीट धरली. मी सहा वेळा पडले. एकदा कोपर चांगलंच सोललं. नवव्या दिवशी मी वळून बघितलं तर नात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. सीट कधी सोडली, मला कळलंच नव्हतं.

दोन वर्षं मी फक्त मिरजेत आणि आसपास चालवली. बाजार, दवाखाना, सांगलीपर्यंत. मग चाळीस, मग साठ किलोमीटर. एका सायकलवाल्या मुलाने मला ॲन मस्टो या इंग्लिश बाईंबद्दल सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नोकरी सोडून १९८७ साली, चौपन्नाव्या वर्षी, एकट्या सायकलने जगाच्या फेरीला निघाल्या. मी म्हटलं, जग राहू दे. मला एक जिल्हा बघायचाय.

आता विरोधाचं सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार. मुलगा म्हणाला, गुडघे जातील. ते खरं होतं, तयारीत मी गुडघ्यांचे व्यायाम सहा महिने केले. एका नातेवाइकांनी घरी येऊन सांगितलं की महरमशिवाय बाईने प्रवास करणं बरोबर नाही. मी भांडले नाही. मी म्हटलं, “चाचा, २०१८ पासून पंचेचाळीसच्या पुढच्या बायका महरमशिवाय हजला जातात. हजरत आयेशा उंटावर बसून रणांगणात गेल्या, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. माझ्याकडे उंट नाही, सायकल आहे.” ते हसले नाहीत. पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून खजुराचा डबा आला.

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जन्मदिवशी मी निघाले. सात गिअरची साधी सायकल, मागे दोन पिशव्या, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हवेचा पंप, ओआरएसची पाकिटं, गुडघ्याचे पट्टे. अंगात सलवार-कमीज, ओढणी डोक्याला घट्ट बांधून त्यावर हेल्मेट. याच्यावर वाटेत दोन्ही बाजूंनी प्रश्न आले. कुणी विचारलं, बुरखा का नाही? कुणी विचारलं, ओढणी तरी कशाला? मी दोघांनाही सांगितलं, ऊन लागतं.

म्हैसाळ, कागवाड, मग कृष्णेचा पूल ओलांडून चिकोडी. दुसऱ्या दिवशी बेळगाव. तिथून मोठा हायवे लागतो, तो बंगळूरपर्यंत सोडायचा नाही. कित्तूर, धारवाड, हुबळी. साठ किलोमीटरचा दिवस कसा जातो सांगते. पहाटे फजर झाली की निघायचं. दहापर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर. मग झाडाखाली किंवा हॉटेलात दोन तास. तीनला पुन्हा. अंधाराच्या आत मुक्काम. चढ आला की लाजायचं नाही, उतरून ढकलायची.

सगळ्यात मोठा त्रास कशाचा झाला? ट्रकचा नाही, कुत्र्यांचा नाही. लघवीचा. शंभर पुरुष रस्त्याकडेला उभे दिसतात. बाईने जायचं कुठं? पेट्रोल पंपावर बायकांचा संडास असतो, पण बऱ्याच ठिकाणी कुलूप, चावी ऑफिसात. मी पाणी कमी प्यायला लागले आणि चौथ्या दिवशी मला चक्कर आली. आयुष्यभर बायकांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगणारी मी! त्या दिवसापासून ठरवलं, चावी मागायची. मोठ्याने मागायची. मिळते.

एका तालुक्याच्या गावी लॉजवर खोली रिकामी होती. काउंटरवरच्या मुलाने आधारकार्ड बघितलं, नाव बघितलं, मग म्हणाला, “एकट्या लेडीजना देत नाही.” नावामुळे की एकटीमुळे, मला अजून माहीत नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, आणि खरं सांगते, रडले. समोर टायर-पंक्चरचं दुकान होतं. केरळचा माणूस, त्याची बायको मागेच राहायची. तिने मला बघितलं, हात धरून आत नेलं. एक खोली, त्यात ती, तिची दोन मुलं आणि मी. तिची भाषा मल्याळम, माझी मराठी. तिने मत्ती तळून भात वाढला. सकाळी नवऱ्याने चेनला तेल घातलं, पैसे घेतले नाहीत. गळ्यात क्रॉस होता, म्हणून कळलं की ख्रिश्चन आहेत. ती दोन्ही दारं एकाच रस्त्यावर होती, हे मला विसरायचं नाही.

शिग्गावजवळ मी हायवे सोडून शिशुनाळला गेले. संत शिशुनाळ शरीफ १८१९ ते १८८९ या काळातले. जन्माने मुसलमान, गुरू गोविंद भट्ट, ब्राह्मण. त्यांनी कन्नडमध्ये पदं रचली, आजही गावोगाव गातात. त्यांच्या समाधीवर दोन्हीकडचे लोक येतात. मी गेले तेव्हा एक म्हातारी नारळ घेऊन आली होती. तिने नारळ फोडून अर्धी वाटी माझ्या हातात दिली आणि सायकलच्या हँडललाही कुंकू लावलं. मी पुसलं नाही.

पुढे राणेबेन्नूर, हरिहरला तुंगभद्रा, दावणगेरे, चित्रदुर्ग. चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. त्या का आहेत, ते सायकलवर असल्यावर कळतं. समोरून वारा. सपाट रस्त्यावरही पहिला गिअर. हिरियूर, सिरा, तुमकूर करत बंगळूर गाठलं. १५ जानेवारीला संक्रांत होती. मुक्कामाच्या घराशेजारच्या बाईंनी एळ्ळु-बेल्ला आणून दिला. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरं. आपलाच तिळगूळ.

होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी. तिथून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांब आणि ट्रकच्या अपघातांसाठी बदनाम. मी तो बसून उतरलेच नाही, दोन्ही ब्रेक धरून बाजूने चालत उतरले. याला कुणी धाडस म्हणत नाही, पण बासष्टावा वाढदिवस बघायचा असेल तर एवढी अक्कल हवी. नामक्कलला ट्रकच्या बॉड्या बांधतात. तिथल्या ड्रायव्हरांनी माझी सायकल उलटी करून मागचा रिम सरळ केला, आणि हायवेवर पांढऱ्या पट्टीच्या किती आत राहायचं ते खडूने काढून दाखवलं.

२२ जानेवारीला मी तिरुचिरापल्लीत होते. अयोध्येतला तो दिवस. रात्रीच मुलीचा फोन आला, “अम्मी, उद्या सायकल काढू नको.” मी काढली नाही. दिवसभर खोलीत बसले. शहरात काही झालं नाही, कुणी मला काही बोललं नाही. पण मी काढली नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. एकटीने हजार किलोमीटर जाणारी बाई त्या दिवशी घाबरली होती.

२३ ला दुपारी पुदुक्कोट्टई.

माझ्या डोक्यात काय चित्र होतं? रस्ताभर सायकलवर बायका. तसं नाही. आता बायका स्कूटरवर असतात, पोरगी मागे, भाजी पुढे. अकरावीच्या मुलामुलींना तिथलं सरकार मोफत सायकल देतं, त्या शाळेच्या वेळेला दिसतात. मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. ज्या बायका सायकल शिकल्या, त्यांच्या मुली स्कूटरवर बसणारच. चळवळ संपली म्हणजे नेहमी हरलीच असं नसतं.

ओळखीतून ओळख काढत मी एका खेड्यात पोचले. मुसलमान वस्ती. तिथे माझ्याच वयाची एक बाई भेटली. तेव्हा शिकलेल्यांपैकी एक. तिची शाळेतली नात थोडं इंग्रजी बोलायची, ती मध्ये बसली. मी विचारलं, तेव्हा लोक काय म्हणाले? ती म्हणाली, पहिले काही दिवस घाणेरडं बोलायचे, मग थकले. तिने सांगितलं की तेव्हा पुष्कळ बायका मुद्दाम जेन्ट्स सायकल घ्यायच्या. का? पुढच्या दांडीवर मूल बसतं. मी लहानपणापासून ऐकत आले की ती दांडी आहे म्हणून बाईला सायकल शोभत नाही. तिने त्याच दांडीवर पोरं वाढवली.

मग तिने नातीमार्फत एकच प्रश्न विचारला. “तुमच्या मुलीला कधी शिकवलीत?”

हजार किलोमीटरमध्ये मला कुणी हे विचारलं नव्हतं. वय विचारलं, नवरा विचारला, धर्म विचारला, सायकलची किंमत विचारली. मी म्हटलं, “नाही शिकवली.” नातीने भाषांतर केलं. बाई काही बोलली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून चहा टाकायला उठली.

मी रेल्वेने परत आले. सायकल पार्सलने. घरी आल्यावर मी मुलीसमोर बसले आणि १९९६ चा विषय काढला. सत्तावीस वर्षांत आम्ही तो काढला नव्हता. मी म्हटलं, “बेटी, माझं चुकलं.” ती मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, “अम्मी, तू नाही म्हणालीस त्याचं नंतर काही वाटलं नाही. पण तू म्हणालीस, लोक काय म्हणतील. मला सांग, तू कुणाला विचारलं होतंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खरंच कुणालाही विचारलं नव्हतं. शेजारच्या पाटलीणबाईंना नाही, मशिदीतल्या मौलानांना नाही, तिच्या अब्बांनाही नीट नाही. त्यांच्या सगळ्यांच्या वतीने मीच नाही म्हणून टाकलं होतं. कदाचित काही जण बोलले असते. पुदुक्कोट्टईतही बोलले. पण ते थकले असते. मी त्यांना थकायची संधीच दिली नाही.

मैत्रिणींनो, १९६६ साली १८ एप्रिलला हमीद दलवाईंनी मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला, त्यात बायका होत्या सात. फक्त सात. त्याही म्हणू शकल्या असत्या, आधी लोकांचं मत बदलू दे, मग निघू. मत बदलायला कुणीतरी रस्त्यावर दिसावं लागतं.

आणि हे भावनेचं नाही, हिशेबाचंही आहे. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. त्याचा अभ्यास झाला. माध्यमिक शाळेत मुलींची नावनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, आणि शाळा जिथे तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथेच जास्त फरक पडला. माझ्या मुलीची शाळा चार किलोमीटरवर होती.

आता माझं काम सांगते आणि थांबते. आमच्या मोहल्ल्याजवळच्या शाळेच्या मैदानावर रोज पहाटे साडेपाच ते सात मी सायकल शिकवते. सध्या चौदा जणी आहेत. सगळ्यात लहान दहा वर्षांची, सगळ्यात मोठी सत्तावन्न. सायकली तीन, त्यातल्या एकीचा ब्रेक धड नाही. तुमच्या घरात, गच्चीवर, जिन्याखाली गंजत पडलेली सायकल असेल तर ती आम्हाला द्या. तुमच्या गावात असं मैदान मिळवून द्या, शिकवायला मी येईन, भाडं माझं मी करीन. आणि इथे बसलेल्या भावांना एक विनंती. तुमच्या घरातली मुलगी सायकल मागेल, तेव्हा “लोक काय म्हणतील” असं म्हणण्याआधी खाली उतरून चार लोकांना खरंच विचारून या.

माझी मुलगी रोज मैदानावर येते. मुलींची सीट धरते, पडल्या तर उचलते. स्वतः अजून बसलेली नाही. मी तिला म्हणत नाही. तिची सायकल भिंतीला लावून ठेवलेली असते, हवा मी रोज बघते.